शिखराची उंची विकणाऱ्या महाशयांना खुलं पत्र



ईस्टरच्या सुट्टीतल्या स्की-सहलींचं माहितीपत्रक तुम्ही लिहिता. गेल्या हंगामातलं तुमचं एक पान माझ्यासमोर आहे. गावाच्या नावाखाली ठळक अक्षरांत आकडा आहे, २,४०० मीटर. त्याच्या शेजारी 'एप्रिलअखेरपर्यंत बर्फाची खात्री'. वर निळंशार आभाळ, खाली भुसभुशीत ताजा बर्फ आणि मधे हसणारं चौकोनी कुटुंब. त्या २,४०० मीटरवर काय आहे ते मी सांगते. तिथे एका चेअरलिफ्टचा शेवटचा खांब आहे, आणि तिथून खाली येतो तो काळा उतार, म्हणजे नकाशावरचा सर्वांत अवघड. फोटोतल्या कुटुंबाला त्या खांबापाशी जायचं काही कारणच नाही. ते राहणार खाली गावात, आणि गाव आहे हजार मीटरच्या आसपास. हा दुसरा आकडा तुमच्या पानावर कुठेही नाही. फोटो भर हिवाळ्यातला आहे, हे भरदुपारच्या लांबलचक सावल्यांवरून कळतं. बर्फ जानेवारीचा दाखवायचा आणि आठवडा एप्रिलचा विकायचा, हा तुमचा धंदा आहे.

हे पान कोण वाचतं, याचा विचार तुम्ही केलाय का? ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या आल्प्सला जातात, त्या इंग्रज कुटुंबांना तुमची गरज नसते. कुठे जायचं आणि कुठे नाही, हे त्यांना काकांनी किंवा शेजाऱ्यांनी कधीच सांगून ठेवलेलं असतं. तुमचं पान अक्षरन् अक्षर वाचतात ती आमच्यासारखी माणसं. स्लाव, हाउन्स्लो, मिल्टन कीन्झ इथली मराठी घरं. ठाण्याहून, नाशिकहून नोकरीसाठी आलेली, तिशी उलटल्यावर पहिल्यांदा पायाला स्की बांधलेली, छपराखालच्या बर्फावर शनिवारी सकाळी पोरांच्या बरोबरीनं पडत-उठत शिकलेली. दोन-तीन हंगामांत ही मंडळी सोप्या निळ्या उतारावर निर्धास्त होतात आणि त्याहून अवघड लाल उतारावरून बेताबेतानं खाली येतात. त्यापुढे काय निवडायचं हे सांगणारं घरात कुणी नसतं. ती छापील शब्दावर विश्वास ठेवतात. तुम्ही पैसे घेता ते त्या विश्वासाचे.

एप्रिल त्यांनी हौसेनं निवडलेला नसतो. फेब्रुवारीतली सत्रामधली सुट्टी एका आठवड्याची, आणि त्या आठवड्यात विमानापासून खोलीपर्यंत सगळ्याचे भाव आभाळाला भिडलेले. शाळा चालू असताना मुलांना आठवडाभर न्यावं, तर ऑगस्ट २०२४ पासून इंग्लंडमध्ये एका मुलामागे एका पालकाला ८० पौंड दंड होऊ शकतो आणि २१ दिवसांत भरला नाही तर तो १६० होतो. दोन मुलं नि दोन पालक असतील तर वेळेत भरूनही ३२० पौंड, शिवाय शाळेच्या दप्तरी नोंद. आपल्या घरांतून शाळा बुडवण्याचा विषयच निघत नाही. उरतो ईस्टर. म्हणजे हे गिऱ्हाईक कुठल्या आठवड्यात येणार हे तुम्हाला आधीच पक्कं माहीत असतं. त्या आठवड्यात काय चालतं आणि काय चालत नाही, हेही तुम्हाला माहीत असतं. मग त्याच आठवड्यासाठी हजार मीटरवरचं गाव 'कुटुंबांची पहिली पसंती' म्हणून छापताना हात कसा धजावला?

माझ्या ओळखीतलं एक कुटुंब तुमचं पान वाचून गेलं. कुठल्या गावी ते इथे लिहीत नाही, कारण दोष गावाचा नाही. गाव सुंदर आहे आणि जानेवारीत तिथे जरूर जावं. एप्रिलमध्ये मात्र सकाळी नऊला उतार दगडासारखा कडक होता. स्कीची कड रुतेना, नऊ वर्षांची मुलगी पहिल्याच वळणावर घसरली ती थेट कुंपणाच्या जाळीपर्यंत. अकराला बर्फ मऊ झाला, तास-दीड तास मजेत गेला. एकनंतर त्याचा चिखल झाला. गावाकडे उतरणारा शेवटचा टप्पा बंद, तिथे गवत आणि माती. खाली यायला एकच गोंडोला, आणि सगळा डोंगर तिच्या रांगेत उभा. पुढे आईचा गुडघा पिरगळला. ओला जड बर्फ स्की धरून ठेवतो, शरीर पुढे जातं आणि मधल्यामधे गुडघा सापडतो. मुलगी आता स्कीचं नाव काढू देत नाही. वर्षभर साठवलेल्या पैशांचं मी एक वेळ सोडून देईन. पण त्या पोरीला जे आवडायला लागलं होतं ते तुम्ही एका आठवड्यात तिच्या मनातून उतरवलंत, आणि याचा मला खरा राग आहे.

उंचीचा हिशेब शाळेतल्या भूगोलाचा आहे. दर हजार मीटर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. मॉर्झीन हे गाव हजार मीटरवर आहे आणि त्याच्याच डोक्यावर आव्होरियाझ अठराशे मीटरवर. स्की-क्षेत्र एकच, पास एकच. पण झोपण्याच्या जागेत आठशे मीटरचा फरक, म्हणजे सुमारे पाच अंशांचा. जानेवारीत हे पाच अंश कुणाच्या लक्षातही येत नाहीत. एप्रिलमध्ये रात्री बर्फ गोठणार की नाही, हे त्या पाच अंशांवर ठरतं. किट्झब्यूलचं नाव जगभर आहे, तिथली हानेनकामची स्की-शर्यत बघायला लाख डोळे लागतात. पण ती शर्यत जानेवारीत होते, आणि गाव जेमतेम साडेसातशे मीटरवर आहे. नावाला भुलून उशिराच्या ईस्टरला कुणी तिथे निघालं, तर त्याला थांबवणं हे तुमचं काम आहे. बर्फ पाडणाऱ्या यंत्रांचं कौतुकही तुम्ही त्याच पानावर करता. ती यंत्रं चालायला हवा गोठणबिंदूच्या खाली आणि कोरडी लागते. एप्रिलमध्ये खालच्या गावात ती नुसती उभी असतात. तिथे उतारावर जो पांढरा पट्टा दिसतो, तो डिसेंबर-जानेवारीत पाडून ठेवलेला उरलासुरला बर्फ असतो.

आता रात्रीचं गणित, कारण एप्रिलमधला अख्खा दिवस आदल्या रात्रीवर अवलंबून असतो. आभाळ निरभ्र असेल तर बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशात फेकून देतो आणि हवा शून्याच्या जरा वर असली तरीही गोठतो. सकाळी तो टणक असतो. ऊन लागलं की वरचे दोन-तीन सेंटिमीटर सैल होतात आणि भिजवलेल्या साबुदाण्यासारखे मोकळे दाणे तयार होतात. त्यावर स्की फिरवण्याइतकं सोपं आणि सुखाचं दुसरं काही नाही. मध्यम तयारीच्या माणसाला तर तो बर्फ आपण आहोत त्याहून चांगले आहोत असा धीर देतो. वसंतातल्या स्कीचं खरं वैभव ते हेच, आणि त्यासाठी ईस्टरला जाणं पूर्णपणे सार्थ आहे. पण आभाळ रात्रभर ढगाळ राहिलं आणि हवा शून्याखाली गेली नाही, तर बर्फ गोठतच नाही आणि सकाळपासूनच लगदा असतो. खालच्या गावात अशा रात्री जास्त येतात, वरच्या गावात कमी. तुमच्या 'बर्फाच्या खात्री'त या रात्रीचा एका शब्दानंही उल्लेख नाही. बर्फ आहे की नाही एवढंच तुम्ही सांगता. तो गोठतो की नाही, हे विचारायचं असतं हेसुद्धा वाचणाऱ्याला कळू देत नाही.

आणि केवळ उंचीनं भागत नाही, ही दुसरी गोष्ट तुम्ही लपवता. आल्प द्युएझ बघा. गाव १,८६० मीटरवर, वरचं टोक पिक ब्लाँ ३,३३० मीटर. आकडे कुणालाही भुरळ घालतील. पण गाव आणि त्याभोवतीचे सोपे उतार दक्षिणेकडे तोंड करून बसलेले आहेत. 'सूर्याचं बेट' म्हणून तर ते स्वतःची जाहिरात करतं. फेब्रुवारीत त्या उन्हासारखं सुख नाही, पण एप्रिलच्या मध्यावर तेच ऊन दुपारी सोप्या उतारांचा लगदा करतं, आणि चांगला बर्फ उरतो तो वर, अवघड उतारांवर. म्हणजे तज्ज्ञाला डोंगर शाबूत आणि कुटुंबाला नाही. उलट कूर्शव्हेलचे बरेच उतार उत्तरेकडे तोंड करून आहेत, तिथे थंडी टिकते. शेजारच्या मेरिबेल दरीचे उतार पूर्वेला आणि पश्चिमेला. सकाळी एका बाजूला ऊन, दुपारी दुसऱ्या, आणि मधे साडेचौदाशे मीटरवरच्या गावाकडे उतरणारा रस्ता दुपारनंतर जड. ज्याला हे ठाऊक आहे तो सकाळी पूर्वेकडच्या उतारावर सुरुवात करतो, मग दक्षिणेकडे, मग पश्चिमेकडे सरकतो आणि उत्तरेकडचे उतार शेवटाला ठेवतो. दीड-दोन वाजता पोरांना घेऊन परततो. नकाशावर उत्तर दिशेचा एक बाण छापायला तुम्हाला किती शाई लागली असती?

ईस्टरची तारीखही तुम्ही एकच असल्यासारखी वागवता. वसंतसंपातानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिल यांमधला कुठलाही. २०२४ मध्ये ईस्टर ३१ मार्चला होता, २०२५ मध्ये २० एप्रिलला. २०२७ मध्ये तो २८ मार्चला येईल आणि २०२८ मध्ये १६ एप्रिलला. आल्प्समध्ये हे तीन आठवडे म्हणजे दोन वेगळे ऋतू. मार्चअखेर पंधराशे मीटरवरचं उत्तराभिमुख गाव बहुधा चालून जातं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तेच गाव मी शत्रूलाही सुचवणार नाही. पण तुमच्या पत्रकात दोन्ही वर्षी 'ईस्टर विशेष' या मथळ्याखाली तीच गावं त्याच क्रमानं येतात. फक्त किंमत बदलते.

किलोमीटरच्या आकड्यांवर फार लिहीत नाही. २०१३ मध्ये क्रिस्टोफ श्राहे या जर्मन सल्लागारानं मोठमोठ्या स्की-क्षेत्रांचे उतार नकाशावर मोजून दाखवले आणि अनेकांनी जाहीर केलेली लांबी कितीतरी फुगवलेली निघाली. त्यानंतर काहींनी आकडे दुरुस्त केले. तुम्ही मात्र एप्रिलच्या आठवड्यासाठीही पूर्ण हंगामाचा आकडाच छापता. लिफ्ट टप्प्याटप्प्यानं बंद होतात. एका दरीतून दुसऱ्या दरीत नेणाऱ्या जोड-लिफ्ट आणि खालच्या गावांकडे जाणारे उतार बरेचदा सगळ्यांच्या आधी थांबतात. म्हणजे कुटुंब सहाशे किलोमीटरच्या पासचे पैसे भरतं आणि वापरायला मिळतो त्यातला एक कोपरा. मध्यम तयारीच्या चौघांना आठवडाभरात दीडशे किलोमीटरही पुरतात, तेव्हा त्यांना स्थानिक पास घ्यायला सांगावं. तुम्ही महाग पास आधीच जोडून देता. वर कूर्शव्हेल, मेरिबेल आणि व्हाल तोरांस यांच्या 'तिन्ही दऱ्या एका दिवसात' अशी हौसही लावता. व्हाल तोरांसहून मेरिबेलला उतरलेल्या कुटुंबाची परतीची शेवटची लिफ्ट चुकली, तर रस्त्यानं थेट खाली मूतिए गावापर्यंत जाऊन दुसऱ्या दरीतून पुन्हा वर चढावं लागतं, तेही टॅक्सीनं. थकलेली दोन पोरं आणि ओले बूट घेऊन. ही ओळ पत्रकात असायला हवी होती.

तुम्ही जे लिहायला हवं होतं ते आता मी लिहिते, म्हणजे निदान हे पत्र वाचणाऱ्या एखाद्या घराला उपयोग होईल.

लहान मुलं असतील आणि ईस्टर एप्रिलच्या मध्यावर असेल तर मी ऑस्ट्रियातलं ओबरगुर्गल निवडीन. गाव १,९३० मीटरवर, गोंडोलानं जोडलेलं होखगुर्गल २,१५० वर आणि वरचं टोक तीन हजारांच्या थोडं वर. पण खरी गोष्ट ही की इथले निळे आणि लाल उतार गावाच्या वरच आहेत. त्यांच्यासाठी खाली उतरावं लागत नाही. बहुतेकांचं तोंड वायव्येला. उतारांची एकूण लांबी शंभर किलोमीटरच्या थोडी वर, म्हणून धाडसी लोक याला लहान म्हणतात. मध्यम तयारीच्या कुटुंबाला ते नेमकं आहे. कोण कुठे आहे हे सगळ्यांना कळतं आणि दुपारी स्की पायातून न काढता जेवायला परतता येतं. १९३१ च्या मे महिन्यात ऑगुस्त पिकार हा शास्त्रज्ञ आपल्या बलूनमधून सोळा किलोमीटरच्या आसपास उंचीवर जाऊन आला, तो इथल्याच हिमनदीवर उतरला होता. पोरांना ही गोष्ट जरूर सांगावी. त्याच ओट्झ खोऱ्यात खाली झ्योल्डन आहे. तिथे हिमनद्या आहेत, वर बर्फ उत्तम असतो, पण गाव १,३७० च्या आसपास. तुमच्या पत्रकात या दोन गावांचा क्रम उलटा आहे, कारण झ्योल्डनचा वरचा आकडा मोठा आहे.

पोरं मोठी असतील, लाल उतारावर रमणारी असतील, तर फ्रान्समधलं तिन्य. व्हाल क्लारे हा त्यातला भाग २,१०० मीटरवर आणि तिथून भुयारी रेल्वे डोंगराच्या पोटातून ३,०३२ मीटरवर नेते. पुढे केबल कार ३,४५६ पर्यंत. भुयारी रेल्वेच्या वरच्या टोकापासून गावापर्यंत सोप्या उतारानं येता येतं, ही कुटुंबासाठी सगळ्यांत मोलाची गोष्ट. शेजारचं व्हाल दिझेर १,८५० मीटरवर, देखणं, जेवायला कितीतरी चांगलं. पण तिथले गावाकडे उतरणारे मार्ग तीव्र आहेत आणि तिथल्या रंगांवर विश्वास ठेवून हिरव्या, म्हणजे सर्वांत सोप्या, उतारावर गेलेल्या कितीतरी नवख्यांना घाम फुटला आहे. दुपारी अडीचला लगद्यात तो उतार दहा वर्षांच्या मुलाला उतरायला लावू नका. लिफ्टनं खाली या, त्यात कमीपणा नाही. ही सूचना लिहायला तुम्हाला एक ओळ लागली असती.

व्हाल तोरांस २,३०० मीटरवर, युरोपातलं सर्वांत उंच स्की-गाव, मे महिना उजाडेपर्यंत चालणारं. बर्फाची खात्री हा शब्द कुठे वापरायचाच असेल तर तो इथे वापरा. तरी याचीही दुसरी बाजू सांगितली पाहिजे. इथे एकही झाड नाही. एप्रिलमध्ये हिमवादळ येतं, आणि आलं की झाडं नसल्यामुळे उतार कुठे आणि आभाळ कुठे हे कळत नाही. घाबरट स्वभावाच्या माणसाला असा दिवस फार जड जातो. शिवाय इतक्या उंचीवर पहिल्या रात्री झोप लागत नाही, डोकं दुखतं. पाणी भरपूर प्यायला हवं आणि पहिला दिवस हलका ठेवायला हवा. एवढं माहीत असलेलं कुटुंब तिथे मजेत राहील.

इटलीतलं चेर्व्हिनिया मला स्वतःला सगळ्यांत प्रिय. गाव २,०५० मीटरवर, मॅटरहॉर्नच्या दक्षिण बाजूला. उतार रुंद, लांब आणि मायाळू. मध्यम तयारीच्या माणसाला एका दमात मैलोन्मैल उतरण्याचं सुख आल्प्समध्ये इतक्या सहज फार थोड्या ठिकाणी मिळतं. सरहद्द ओलांडून त्सेरमाटच्या बाजूलाही जाता येतं, तिथल्या लिफ्ट ३,८८३ मीटरपर्यंत चढतात. ऊन दुपारी लागतं, पण उंची ते पोटात घालते. अडचण वाऱ्याची. तो सुटला की वरच्या लिफ्ट बंद पडतात आणि सरहद्दीपलीकडे अडकलेल्यांचे हाल होतात. म्हणून त्सेरमाटची फेरी वाऱ्याचा अंदाज बघून, सकाळीच, आणि आठवड्यातून एकदाच.

पैसे कमी असतील तर फ्रान्समधलंच ला प्लान्य. वरच्या वस्त्यांपैकी बेल प्लान्य दोन हजारांच्या वर आहे, निळे उतार भरपूर. पण त्याच नावाखाली तुम्ही शाँपान्यी आणि माँशाव्हँ इथल्या खोल्याही विकता. त्या १,२५० मीटरवर आहेत आणि शाँपान्यीची बाजू दक्षिणेची. खोली स्वस्त दिसते, कारण एप्रिलमध्ये दाराशी बर्फ नसतो. खालून रोज वर जायला आणि रोज खाली यायला लिफ्टची रांग. दिवसाचा उपयोगी बर्फ चार तासांचा, त्यातला एक तास रांगेत गेला तर वाचवलेल्या पैशांचं काय झालं ते तुम्हीच मांडून बघा.

उन्हाबद्दल तुमच्या पत्रकात एकच शब्द आहे, 'सोनेरी'. हजार मीटर चढलं की अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. आपल्या लोकांचा समज असतो की सावळ्या कातडीला काही होत नाही. होतं. हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या आत भाजतं, आणि गॉगल काढून हिंडलेल्या मुलाचे डोळे रात्री आगीसारखे जळतात. पोरांना काळा गॉगल आणि जाड मलम, दर दोन तासांनी. एवढं छापलंत तर तुमच्या सोनेरी उन्हाला बाधा येणार नाही.

आता मागणं. तुमच्याकडून माफी नको, तिचा उपयोग नाही. २०२८ च्या ईस्टरचं पत्रक तुम्ही छापाल तेव्हा प्रत्येक स्की-गावाच्या नावाखाली पहिला आकडा गावाच्या उंचीचा असू द्या, शिखराचा नंतर. निळे आणि लाल उतार कुठल्या उंचीपासून कुठल्या उंचीपर्यंत आहेत आणि त्यांचं तोंड कुणीकडे, ते त्याच्याखाली. संध्याकाळी गावात स्कीवरून येता येतं की लिफ्टनं यावं लागतं, ते स्पष्ट. जोड-लिफ्ट कधी थांबतात ती तारीख, आणि फोटो कुठल्या महिन्यातला ते कोपऱ्यात. हे सगळं स्की-गावांच्या कचेरीत एका फोनवर मिळतं, मी स्वतः विचारून मिळवलं आहे. १६ एप्रिलच्या आठवड्यासाठी जे गाव या कसोटीवर उतरत नाही, ते त्या पानावरून काढा आणि जानेवारीच्या पानावर न्या. तिथे ते चांगलं शोभेल आणि विकलंही जाईल.

उत्तर याच मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. आमच्याकडची घरं पुढच्या ईस्टरची नोंदणी सप्टेंबरमध्ये करतात, तेव्हा त्याच्या आधी आलं तर बरं.

मिल्टन कीन्झमधली एक आई